पहारेकऱ्याचं नाव

माझ्या भावाने, गिरिधरने, मला बारा नियम पाठवले होते. वर लिहिलं होतं, ‘पहिल्यांदा गेम मास्टर होताना’. तो बंगळुरूला नोकरी करतो आणि दर शनिवारी चार मित्रांसोबत असले खेळ खेळतो, त्यामुळे त्याला त्यातलं कळतं. फार तयारी करू नकोस. काय करायचं ते खेळाडूंना ठरवू दे. फासा लपवून खोटं सांगू नकोस. खेळात शिकवणी घुसवू नकोस. साध्या पहारेकऱ्यालासुद्धा आधी नाव देऊन ठेव, ऐन वेळी सुचत नाही. नियम सगळे बरोबर होते आणि त्यातले तीन मी मोडले. पण तुमचे भाया, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, खेळायला येऊन बसले तर काय करायचं, हे बारांत कुठेच नव्हतं.

खेळ असा असतो. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकजण गोष्ट सांगतो, तो मास्टर. बाकीचे गोष्टीतली माणसं होतात. कोणी योद्धा, कोणी जादूगार. मास्टर सांगतो की समोर गुहा आहे आणि आत काहीतरी घोरतंय, आणि विचारतो, तू काय करतोस? खेळाडू सांगतो. जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवतो, मोठा आकडा पडला की जमलं. सगळा खेळ तोंडाचा. म्हणूनच मी तो घरात आणला.

माझी मुलगी दर्शू दहा वर्षांची आहे. कागदावर तिचं नाव प्रियदर्शनी. बारशाला तिच्या आत्याने, वंदनाताईंनी, हौसेने ठेवलेलं. घरात कोणालाच तेवढा वेळ नाही म्हणून ती दर्शू झाली. ती बोलताना अडखळते. ‘प’ला अडते, ‘क’ला अडते, आणि स्वतःच्या नावाच्या पहिल्या अक्षराला तर दार आतून कडी लावल्यासारखं बंद होतं. गळ्याची शीर वर येते, डावा हात मुठीत जातो. मी शेजारी बसून सेकंद मोजते. सवय लागलीय. मोजून मोजून मला कळलंय की समोरच्या माणसाचा धीर चौथ्या सेकंदाला सुटतो. भाजीवाली असो, वर्गशिक्षिका असो, शेजारच्या काकू असोत, चौथ्या सेकंदाला कोणीतरी तिचं वाक्य तिच्या तोंडातून काढून घेतं आणि पुरं करतं. वर मायेने हसतं. मला चीड येते ती त्या हसण्याची. कोणी वाईट वागलं तर भांडता तरी येतं.

मार्चमध्ये आम्ही तिला पाचवीसाठी जालन्यातच, नवीन जालना भागातल्या एका शाळेत घेऊन गेलो. मुलांची मुलाखत घ्यायला बंदी आहे, म्हणून ते तिला ‘भेट’ म्हणतात. मॅडमनी फक्त नाव विचारलं. दर्शूचं ‘प्रि’वर अडलं. एक, दोन, तीन. चौथ्याला तिच्या बापाने, केदारने, नाव सांगून टाकलं. मग पुढच्या प्रश्नांची उत्तरंही त्यानेच दिली. आवडता विषय, आवडता खेळ, आवडता रंग. रंग तर चुकीचा सांगितला. मॅडमनी फॉर्मवर लिहिलं, ‘मुलगी बोलत नाही’, आणि म्हणाल्या, मेच्या शेवटच्या सोमवारी पुन्हा या, तोवर तयारी करून घ्या.

बोलत नाही म्हणे. बोलते ती. थांबत तुम्ही नाही.

त्याच आठवड्यात मी गिरिधरला फोन केला. त्याने पुस्तक पाठवलं, फासे पाठवले, नियम पाठवले. केदार बियाण्याच्या कंपनीत आहे, तिथल्या गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचा जाड पुठ्ठा मी मधोमध दुमडून पडद्यासारखा समोर उभा केला. मास्टरने फासे आणि कागद त्याच्या आड ठेवायचे असतात. पुठ्ठ्याच्या खेळाडूंकडच्या बाजूला ढोबळी मिरची होती आणि माझ्याकडे सात पुलांचं राज्य. डोंगरातल्या किल्ल्यावरची घंटा चोरीला गेलीय, ती वाजेपर्यंत खाली सकाळ होत नाही, आणि चोर सातव्या पुलापलीकडे आहे. दर्शू तिरंदाज झाली. नाव ठेवलं ईशा. मी लगेच ओळखलं, का ते. ‘ई’ला ती कधी अडत नाही. पण बोलले नाही.

आणि खेळात ती बोलायला लागली. अडखळत, पण शेवटपर्यंत. कारण तिथे तिची पाळी ही तिची पाळी होती. मी आणि ती दोघीच असायचो, घाई कोणाला नव्हती.

मेच्या सुट्टीत आम्ही दोघी पिंपळगाव रेणुकाईला, सासरी गेलो. तिथे माझे भाया धर्मराज आणि जाऊबाई शैलाताई राहतात, शेती दादाच बघतात. सगळं घर त्यांना दादा म्हणतं, त्यांची पोरंसुद्धा. थोरला सोमेश्वर पंधरा वर्षांचा, धाकटा बबलू अकराचा. दोघांनी पहिल्याच दिवशी माझ्या पिशवीतला वीस बाजूंचा फासा शोधून काढला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बियाण्याच्या खोलीत सतरंजी पडली. सोमेश्वर कुऱ्हाडवाला योद्धा झाला. बबलू जादूगार झाला आणि त्याने स्वतःचं नाव टायगर ठेवलं.

त्या खोलीत कूलर आहे. मेची दुपार, बाहेर उभं राहवत नाही, आणि कूलर असा की बोअरच्या मोटारीला लाजवेल. दर्शूचा आवाज आधीच बारीक. म्हणून मी नियम केला की दर्शूची पाळी आली की बबलूने कूलर बंद करायचा, आणि तिचं बोलून होईपर्यंत कोणी बोलायचं नाही. पोरं घामाने निथळत बसायची पण बसायची. पोरांना खेळाचा नियम म्हटला की पटतो, हे मोठ्यांपेक्षा बरं.

तिसऱ्या दिवशी सोमेश्वरने मला पकडलं.

“काकू, दर्शूचा बाण कधी चुकतच न्हाई. तुम्ही त्या ढोबळ्या मिरचीच्या मागं काय करून राह्यले?”

मी भडकले त्याच्यावर. मास्टरवर शंका घ्यायची नसते, वगैरे बोलले. मग मी दर्शूकडे पाहिलं तर ती सतरंजीची दशी ओढत होती, माझ्याकडे न बघता. तिला माहीत होतं. फासा तीन पडला की मी सतरा सांगायचे, हे तिला पहिल्यापासून माहीत होतं. तिचा बाप तिचं वाक्य पुरं करतो म्हणून मी त्याच्यावर जळफळत होते आणि स्वतः पुठ्ठ्याआड बसून तिचे बाण पुरे करत होते. त्या दिवसापासून फासा ज्याचा त्याने, सगळ्यांसमोर टाकायचा असं मी ठरवलं. ईशाचे पुढचे चारही बाण चुकले. दर्शू चिडली, बबलूला हसली, पाचव्यांदा कुठे लपून मारायचा हे तिने स्वतः सांगितलं. बावीस सेकंद लागले. लागला बाण.

आमचा हा खेळ शुक्रवारी दादांनी पाहिला.

ते रानातून आलेले. पाणी प्यायला थांबले, दारातून बघितलं, चप्पल काढली आणि आत येऊन भिंतीला टेकून बसले. मी उठून उभी राहिले, डोक्यावर पदर घेतला. जगात दुसरी कोणी गेम मास्टर खेळाडू आला म्हणून उठून उभी राहत नसेल. आमच्याकडे भायांसमोर असंच. लग्नाला अकरा वर्षं झाली, ते माझ्याशी थेट बोलत नाहीत आणि मी त्यांच्याशी. चहा टाकू का, हेसुद्धा बबलूमार्फत विचारायचं. त्यात भांडण काही नाही, रीत आहे.

“बबल्या, इचार तुझ्या काकूला, मला घेती का ह्याच्यात,” दादा म्हणाले.

बबलूने मान वळवून मला विचारलं. आता ‘न्हाई’ कसं म्हणायचं? गिरिधरचा नियम होता, खेळाडू निवडताना लाजू नकोस. गिरिधरला भाया नाहीत.

त्यांना राजा व्हायचं होतं. राजा नाही घेता येत, असं मी बबलूला सांगितलं, बबलूने त्यांना सांगितलं. मग ते सरदार झाले. पाच मिनिटांत सरदारांनी सगळ्यांना कामं वाटली. सोमेश्वरने पुढं, टायगरने मागं, मशाल इकडून. तेवढं मी सोसलं. पण कूलर बंद झाला, दर्शूची पाळी आली, तिने “मी क-क” एवढं म्हटलं, आणि दादा म्हणाले, “ईशा बाण मारती. टाक फासा बेटा, जल्दी. लई उकडून राह्यलं.”

तिने फासा टाकला.

तिला काय म्हणायचं होतं? ‘कडेने जाते’? ‘कान देऊन ऐकते’? आता ते कोणालाच कळणार नव्हतं. पुढच्या पाळीला तसंच. त्याच्या पुढच्या पाळीला बबलू कूलरपाशी उठून गेलाच नाही. कशाला जाईल? शनिवारी संध्याकाळपर्यंत दर्शू नुसता फासा ढकलायला लागली होती. पाळी आली की दादांकडे बघायची आणि ते जे सांगतील त्यावर टाकायची. दोन महिने मी जे जमवलं होतं ते दादांनी दोन दुपारींत, तिच्या पाठीवरून हात फिरवत, गुंडाळून टाकलं.

मी माझ्या परीने लढत होते. सून म्हणून बोलता येत नव्हतं, पण राक्षस म्हणून येत होतं. मी सरदारावर घुबडं सोडली, चिखलातले साप सोडले, एका बुटक्या चोराच्या तोंडून ‘ए म्हाताऱ्या, दुसऱ्याच्या ताटात हात घालू नको’ असं म्हणूनही घेतलं. पोरं श्वास रोखून दादांकडे बघायला लागली. दादा खो खो हसले. त्यांनी शैलाताईंना हाक मारून सांगितलं की या घरात आजवर आपल्याला कोणी असं बोललं न्हाई, बिलकुल मज्जा येऊन राह्यली. मी ज्या शिव्या मनापासून देत होते त्या त्यांना खेळातल्या वाटत होत्या.

संध्याकाळी भाकरी थापता थापता मी शैलाताईंना म्हटलं की दादा दर्शूला बोलू देत नाहीत. त्या तव्यावरून नजर न काढता हसल्या.

“माझं बी बोलणं तेच पुरं करतात की गं. अठरा वर्सं झाली. मला काय म्हणायचं होतं ते आता मीच इसरून गेले.”

त्यांनी विनोद केला होता. मला हसता आलं नाही.

त्याच संध्याकाळी दादांनी केदारला फोन लावला, स्पीकरवर. रविवारी तो आम्हाला न्यायला येणार होता, सोमवारी शाळेची भेट. दादा त्याला म्हणाले, पोरीला कशाला त्या मॅडमच्या पुढं उभं करतो? परत तेच व्हायचं. तिला इथंच ठेव, गावातल्या शाळेत घालू, बबल्या हाये सोबतीला.

“इथं तिला कोणी काही इचारत न्हाई,” ते म्हणाले. “सगळ्यायला म्हाईत हाये ती कोण.”

ते हे प्रेमाने म्हणाले. मी तिथेच पलीकडे धान्य निवडत होते. कोणी काही विचारत नाही! माणसाला जन्मभर कोणी काही विचारू नये, ही सोय झाली? आणि केदार, माझा नवरा, इंजिनिअर माणूस, पलीकडून म्हणाला, “बघू दादा, तुम्ही म्हणता ते अगदीच चूक नाही.” मग मी आत जाऊन माझ्या फोनवरून त्याला लावला. तो म्हणाला की चिडू नकोस, उद्या येतोय, बोलू. मी म्हटलं, काय बोलणार, तिचं तर तूच बोलतोस. त्याने ठेवून दिला.

त्या रागात मी सहावा पूल लिहिला. पुलावर पहारेकरी आहे. त्याच्याशी लढता येत नाही, जादू चालत नाही, बाण लागत नाही. तो प्रत्येकाला फक्त नाव विचारतो. खरं नाव, पूर्ण. ज्याने त्याने स्वतः सांगायचं. सांगितलं की पलीकडे, नाही तर अलीकडे. लिहिताना मला ते फार हुशारीचं वाटलं. उद्या पुलावर सांगितलं की परवा शाळेत सांगेल. खेळात शिकवणी घुसवू नकोस, हा नियम माझ्यासमोर फोनमध्येच होता.

रविवारी केदार दुपारच्या आधी आला. जेवणं झाली, दोन टरबुजं कापली आणि सगळे बियाण्याच्या खोलीत. केदार पोत्यांवर बसला, शैलाताई दारात. मी पुठ्ठ्यामागे, डोक्यावर पदर. दादा भिंतीला टेकून, सरदारासारखे.

मी पूल सांगितला. खाली काळं पाणी, वर धुकं, मधोमध भाला घेतलेला उंच माणूस. तो म्हणतो, खरं नाव सांग, पूर्ण, आणि जा. सोमेश्वरने लगेच सांगितलं. बबलूने टायगर सांगून पाहिलं, पहारेकऱ्याने भाला आडवा धरला, मग खरं सांगितलं. दादांनी वडिलांच्या, आजोबांच्या नावासकट सांगितलं, गावासकट, आणि पलीकडे जाऊन मिशीवरून हात फिरवला. अलीकडे एकटी ईशा राहिली.

बबलूने उठून कूलर बंद केला. दोन दिवसांनी पहिल्यांदा, कोणी न सांगता.

खोली एकदम शांत झाली. दर्शूने माझ्याकडे बघितलं. मग तोंड उघडलं. “प्रि—”

एक. गळ्याची शीर. दोन. मूठ. पोत्यांवर केदार पुढे सरकला. तीन.

“अरे ती प्रियदर्शनी हाये,” दादा म्हणाले. “प्रियदर्शनी केदार. आपलीच पोर. सोड तिला.”

“तुला विचारलं नाही,” पहारेकरी म्हणाला. म्हणजे मीच, जाड आवाजात.

दादा हसले. “मी सरदार हाये बाबा. माझ्या माणसाचं नाव मी सांगणार. बेटा, ये इकडं.”

तेव्हा मी पुठ्ठा आडवा केला. पडला तो, ढोबळी मिरची वर करून. माझे कागद सगळ्यांना दिसले. मी त्यांच्याकडे बघितलं, अकरा वर्षांत पहिल्यांदा सरळ डोळ्यांत.

“दादा, हे पहारेकरी म्हणत नाहीये. मी म्हणतेय. तिची पाळी आहे. तुम्ही तिच्या पाळीत बोलू नका.”

कूलर बंद होता, त्यामुळे ते दारातल्या शैलाताईंनाही लख्ख ऐकू गेलं. केदारने “अंतरा” असं माझं नाव दबक्या आवाजात घेतलं. मी त्याच्याकडे वळले आणि म्हटलं, “तूसुद्धा.” दादांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्यांना कळलंच नव्हतं काय झालं. एखाद्याला चालता चालता मागून कोणी हाताला धरावं, तसे ते बघत होते. त्यांनी बबलूकडे बघितलं, नेहमीसारखं त्याच्यामार्फत काही सांगावं म्हणून, आणि बबलूने खाली मान घातली.

मला वाटलं, आता दर्शू बोलेल. आईने एवढं केलं म्हटल्यावर बोलेलच.

ती बोलली. पण माझ्याकडे बघून.

“हे शा-शा-शाळेचं आहे ना? उ-उद्याचं?”

मी पदर सारखा केला.

“तू ख-खेळात शाळा घातलीस.” तिचे डोळे भरले होते, पण रडण्यातले नव्हते ते, रागातले. ते डोळे मी आरशात पाहिलेत. “फा-फासा खोटा सांगायचीस. आता हे.”

एवढं लांब ती चार माणसांत कधी बोलली नव्हती आणि ते ती मला सुनावण्यासाठी बोलत होती. सगळे ऐकत होते. कोणी मध्ये पडलं नाही, चौथ्या सेकंदालाही नाही, विसाव्यालाही नाही. मला तिला सांगायचं होतं की मी तुझ्यासाठीच केलं, आणि हेच वाक्य केदार म्हणतो, हेच दादा म्हणतात, हे मला नेमकं त्याच क्षणी कळलं.

तिने नाक पुसलं आणि सतरंजीवर पडलेल्या माझ्या कागदाकडे बघितलं. मग पुन्हा ईशा झाली. मला ते दिसलं, पाठ ताठ झाली तिची.

“आ-आधी त्याने सांगावं,” ती म्हणाली. “प-प-पहारेकऱ्याने. त्याचं नाव क-काय?”

मी कागद पाहिला. उंची लिहिली होती, भाल्याची लांबी लिहिली होती. नाव नव्हतं. डोकं कोरं झालं. एक नाव, कुठलंही नाव, आणि सुचेना. राम म्हणू? श्याम म्हणू? तोंड उघडलं, आवाज नाही. घाम पदरातून कपाळावर आला. सहा जण माझ्या तोंडाकडे बघत होते आणि मला कळलं की चार सेकंद किती असतात. मी बाहेरून मोजत आले होते. आतून ते मोजता येत नाहीत.

“काही बी ठेव म्हणावं की,” दादांना राहवलं नाही. “बापूराव—”

“थ-थांबा दादा,” दर्शू म्हणाली. “ति-तिला सांगू द्या.”

दादांनी तोंड मिटलं.

माझी पोरगी माझ्याकडे बघत होती, गालावर हात ठेवून, अजून चिडलेली, पण वाट बघत. मला पाहिजे तेवढा वेळ ती देणार होती, हे दिसत होतं.

“गिरिधर,” मी म्हणाले शेवटी.

“मामा?” बबलू किंचाळला, आणि सोमेश्वर सतरंजीवर आडवा होऊन हसायला लागला. काळ्या पाण्यावर, धुक्यात, भाला घेऊन माझा बंगळुरूचा भाऊ उभा होता. शैलाताईसुद्धा पदर तोंडावर घेऊन हसल्या. दर्शूने हसू दाबलं, ते मला दिसलं.

“ब-बरं,” ती म्हणाली. “गि-गिरिधर, मी ईशा. इथं माझं हेच ख-खरं नाव आहे. दु-दुसरं मी उ-उद्या शाळेत सांगीन. मॅडमला. इथं न्हाई सांगणार.”

मी काय करणार होते? खेळाडूंना ठरवू दे. भाला बाजूला झाला. ईशा पुलावरून गेली आणि जाताना तिने पहारेकऱ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

दादा उठले. मला वाटलं, चालले. ते कूलरपाशी गेले आणि बटणावर बोट ठेवून उभे राहिले. एरवी कोणाला न विचारता लावणारा माणूस.

“लावू का, बेटा?” त्यांनी दर्शूला विचारलं.

दर्शूने त्यांच्याकडे बघितलं. तिला ‘हो’ म्हणायला काहीच अडचण नाही, ‘ह’ला ती अडत नाही. तरी तिने मुद्दाम वेळ घेतला. नऊपर्यंत मोजलं मी. दादांच्या मानेवरून घाम ओघळत होता, बोट बटणावर तसंच होतं.

“हो,” ती म्हणाली.

संध्याकाळी निघताना दादांनी दर्शूची बॅग स्वतः गाडीच्या डिकीत ठेवली. केदारला एवढंच म्हणाले की सोमवारचं झालं की फोन कर, आणि पोरीला बोलायला दे फोनवर, तू नको सांगू. माझ्याशी ते बोलले नाहीत. मी वाकून पाया पडले तेव्हा मात्र त्यांनी बबलूला न सांगता, दुसरीकडे बघत, मला थेट विचारलं की तो सातवा पूल दिवाळीपर्यंत राहील का. राहील, मी म्हटलं.

केदार गाडी चालवत होता. त्याला मी माफ केलं नव्हतं आणि दर्शूने मला. ती मागच्या सीटवर खिडकीला टेकून बसली होती. भोकरदन मागे पडल्यावर केदारने आरशात बघून विचारलं, “दर्शू, उद्या मॅडमनी विचारलं की—” आणि मध्येच थांबला. स्वतःच थांबला.

मागून बराच वेळ काही आलं नाही. मी मोजलं नाही.

“आ-आवडता रंग हिरवा नाहीये माझा,” ती म्हणाली. “ज-जांभळा आहे.”